ई-पत्रांचे बिऱ्हाड

घर बदलण्याचा प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतोच. दारात टेम्पो उभा राहतो. भांडीकुंडी, गाद्या, कपाटे एकेक करून बाहेर पडतात आणि शेवटी रिकाम्या घरातून एक फेरी मारून आपण कुलूप लावतो. ती शेवटची फेरी फार महत्त्वाची असते. माळ्यावर राहिलेली पितळी परात, दाराआडच्या खिळ्याला अडकवलेली छत्री, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवलेला गॅसचा क्रमांक अशा गोष्टी त्या फेरीतच सापडतात. संगणकावरचा पत्रव्यवहार एका मेल प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेणे हेही एक बिऱ्हाड हलवणेच आहे. फरक इतकाच, की येथे जुने घर पुष्कळदा लगेच पाडले जाते. राहिलेली वस्तू आणायला परत जावे, तर तेथे काहीच उरलेले नसते.

असे स्थलांतर का करावे लागते, ते करताना पत्रे, संपर्कसूची आणि दिनदर्शिका यांचे नेमके काय होते आणि मराठीत लिहिणाऱ्याने कोणती विशेष काळजी घ्यावी, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

प्रथम मेल प्रोग्रॅम म्हणजे काय ते समजून घेऊ. ई-मेल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जीमेलसारख्या संकेतस्थळावर जाऊन तेथेच पत्रे वाचणे. दुसरा म्हणजे आपल्या संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्ड यांसारखा प्रोग्रॅम बसवणे. हा प्रोग्रॅम सर्व्हरवरून पत्रे आणून आपल्यापुढे ठेवतो, पत्ते जपतो आणि बैठका व वाढदिवस यांची आठवण करून देतो. पहिल्या प्रकारात घर दुसऱ्याचे असते, दुसऱ्यात निदान एक खोली आपली असते. कार्यालये, शाळा, छोटे व्यापारी आणि लेखक या दुसऱ्या मार्गाचा उपयोग फार करतात.

हे प्रोग्रॅम मात्र दीर्घायुषी नसतात. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘युडोरा’ नावाचा मेल प्रोग्रॅम लिहिला. साहित्याच्या विद्यार्थ्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे हे नाव युडोरा वेल्टी या अमेरिकन कथालेखिकेवरून घेतले होते. पोस्ट ऑफिसातच राहायला गेलेल्या एका स्त्रीची कथा वेल्टी यांनी लिहिली होती आणि दिवसभर पत्रांतच बुडालेल्या डॉर्नर यांना ती आठवली. अनेकांच्या टेबलावर वर्षानुवर्षे असलेला हा प्रोग्रॅम २००६ नंतर मूळ स्वरूपात पुढे विकसित झाला नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या आउटलुक एक्स्प्रेसची जागा व्हिस्टाच्या वेळी, म्हणजे २००७ मध्ये, विंडोज मेलने घेतली. त्यानंतर विंडोज लाइव्ह मेल आला. १० जानेवारी २०१७ रोजी त्याचाही आधार संपला. विंडोज १० मध्ये ‘मेल’ आणि ‘कॅलेंडर’ ही जोडी होती. ३१ डिसेंबर २०२४ नंतर तीही निकामी झाली आणि वापरणाऱ्यांना नव्या आउटलुककडे पाठवण्यात आले. ज्याने २००२ साली पहिले ई-पत्र लिहिले, त्याने आजवर तीन-चार बिऱ्हाडे सहज केली असतील.

पत्र राहते कुठे?

स्थलांतरापूर्वी विचारण्याचा पहिला प्रश्न हाच आहे आणि नेमका हाच प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत.

सर्व्हरवरून पत्रे आणण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. त्यांना पॉप आणि आयमॅप अशी नावे आहेत. पॉप पद्धत आपल्या पोस्टमनसारखी आहे. त्याने पत्र हाती दिले की त्याचे काम संपले. पोस्टात त्याची प्रत राहत नाही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण आपण मुद्दाम केली नसेल, तर पत्र फक्त आपल्या संगणकावर असते. आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात. घरातला संगणक, कार्यालयातला संगणक आणि हातातला फोन ही त्या एकाच कपाटाकडे पाहण्याची वेगवेगळी दारे असतात.

तुमचे खाते आयमॅप पद्धतीचे असेल, तर स्थलांतर जवळजवळ होतच नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये पत्ता आणि पासवर्ड दिला, की जुनी पत्रे आपोआप दिसू लागतात. खाते पॉप पद्धतीचे असेल, तर मात्र सावध झाले पाहिजे. पाठवलेली पत्रे तर पॉपमध्ये कधीच सर्व्हरवर जात नाहीत. म्हणजे आलेल्या पत्रांची प्रत सर्व्हरवर ठेवली असली, तरी तुमची स्वतःची उत्तरे फक्त त्या एका संगणकात असतात.

याचा धडा मी एका कार्यालयात घेतला. तेथे आम्ही काही जण संपादनाचे काम करत होतो. २००८ साली जुना संगणक बदलून नवा आला. तंत्रज्ञाने ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉपवरचे सर्व काही व्यवस्थित नव्या संगणकात आणले, आमच्याकडून ‘सगळे आले’ असे वदवून घेतले आणि जुन्या संगणकाची डिस्क पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी मेल उघडले, तर टपालपेटी रिकामी होती. आउटलुक एक्स्प्रेस आपली पत्रे ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवतच नसे. ती एका लपवलेल्या फोल्डरच्या पोटातील फोल्डरांत, डीबीएक्स नावाच्या फाइलींत असत. पत्त्यांची वही आणखी वेगळ्या ठिकाणी, डब्ल्यूएबी नावाच्या फाइलीत असे. पाच वर्षांचा लेखकांशी झालेला पत्रव्यवहार, मजकुरावरच्या दुरुस्त्या, परवानगीची पत्रे, सारे काही गेले. परवानग्या पुन्हा मागवताना दोन लेखक हयात नसल्याचे कळले. त्या तंत्रज्ञाला मी दोष देत नाही. त्याने जे दिसले ते आणले, आणि जे दिसत नव्हते ते आम्हीही त्याला सांगितले नाही.

म्हणून पहिली पायरी अशी. जुना प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पत्रांच्या फाइली कोठे आहेत ते पाहावे. प्रोग्रॅम बंद करावा. तो संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. ही प्रत काही करण्यासाठी नाही, फक्त ठेवण्यासाठी आहे. तिला हात लावायचा नाही.

पत्रे नेण्याच्या वाटा

प्रत्येक मेल प्रोग्रॅमची पत्रे साठवण्याची स्वतःची तऱ्हा असते. थंडरबर्ड साधारणपणे ‘एमबॉक्स’ या जुन्या पद्धतीने पत्रे ठेवतो. एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलीत एकाखाली एक लिहिलेली असतात. विंडोज लाइव्ह मेल प्रत्येक पत्राची स्वतंत्र ‘ईएमएल’ फाईल करत असे. आउटलुकची पीएसटी फाईल म्हणजे एक बंद पेटी आहे, ती उघडण्यासाठी त्याच कंपनीची किल्ली सोयीची पडते. माझे मत विचाराल, तर एमबॉक्स आणि ईएमएल हे प्रकार अधिक भरवशाचे आहेत. उद्या कोणताही मेल प्रोग्रॅम उरला नाही, तरी ती फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि पाठवणारा, तारीख, विषय हे तरी वाचता येते.

नवा प्रोग्रॅम जुन्याच्या फाइली थेट वाचू शकत असेल, तर त्यातील ‘आयात’ म्हणजे इम्पोर्ट ही सोय वापरावी. ते जमत नसेल, तर मधला टप्पा शोधावा. आउटलुक एक्स्प्रेसमधून पत्रे निवडून माउसने ओढून एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडली, की त्यांच्या ईएमएल फाइली तयार होत. त्या फाइली एका पूरक सॉफ्टवेअरच्या साहाय्याने थंडरबर्डमध्ये घेता येतात. लांबच्या गावी थेट गाडी नसली, तर आपण मध्ये एका स्थानकावर उतरून दुसरी धरतोच की!

आणखी एक वाट आहे आणि ती मला सर्वांत आवडते. पत्रे नव्या प्रोग्रॅममधील स्थानिक फोल्डरांत एकदा आली, की तेथे आयमॅप खाते जोडावे, त्यात ‘जुनी पत्रे’ असा फोल्डर करावा आणि पत्रे ओढून त्यात सोडावी. ती सर्व्हरवर चढतात. त्यानंतर पुढच्या वेळी प्रोग्रॅम बदलला, तरी ती हलवावी लागत नाहीत. हजारो पत्रे असतील, तर मात्र एकदम ओढू नयेत. दोनशे-तीनशेच्या गटाने न्यावीत, कारण मध्येच जोडणी तुटली तर कोणते पत्र गेले आणि कोणते राहिले हे कळत नाही. हे काम जुन्या प्रोग्रॅममधूनच का करू नये, असे तुम्ही विचाराल. फार जुने प्रोग्रॅम आता सर्व्हरच्या दारातच अडतात. केवळ नाव आणि पासवर्ड सांगून आत येण्याची पद्धत असुरक्षित ठरल्यामुळे गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ती बंद केली. नव्या पद्धतीची ओळखपाळख जुन्या प्रोग्रॅमला ठाऊक नसते.

नावे आणि क्रमांक

संपर्कसूची लहान असते, पण तिच्यात चुका फार होतात. तिच्या वाहतुकीला दोन प्रकारची वाहने आहेत. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी आणि व्हीकार्ड म्हणजे प्रत्येक व्यक्तीचे एक छोटे ओळखपत्र. व्हीकार्डमध्ये छायाचित्र, दोन-तीन दूरध्वनी आणि घरचा पत्ता हे वेगवेगळ्या खणांत नीट बसतात. शक्य असेल तर हेच वाहन निवडावे. काही प्रोग्रॅम एका फाइलीत अनेक ओळखपत्रे असली, तरी पहिलेच घेतात आणि उरलेली निमूटपणे सोडून देतात. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी.

सीएसव्ही वापरताना सर्वांत मोठा धोका कोणता असेल, तर तो आपल्या कुतूहलाचा. फाईल तयार होते. ‘बघू तरी काय आले आहे’ म्हणून आपण ती एक्सेलमध्ये उघडतो. एक्सेलला दूरध्वनी क्रमांक ही एक संख्या वाटते. संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, म्हणून क्रमांकाआधीचे शून्य तो काढून टाकतो. देशाच्या संकेतांकाआधीचे अधिक चिन्हही जाते. ९१ पासून सुरू होणारा बारा अंकी क्रमांक तर तो गणिती संक्षेपात ‘९.१९ गुणिले दहाचा अकरावा घात’ अशा अर्थाने दाखवतो. अशा अवस्थेत फाईल पुन्हा सेव्ह केली, की तोच संक्षेप फाइलीत उतरतो आणि मूळ अंक कायमचे जातात. तेव्हा फाईल पाहायचीच असेल, तर नोटपॅडमध्ये पाहावी, नाहीतर तिची प्रत करून ती प्रत उघडावी.

दुसरी अडचण खास आपली आहे. तुमच्या यादीत नावे देवनागरीत असतील, तर आयात केल्यावर ती प्रश्नचिन्हांच्या रांगा बनून येण्याचा संभव असतो. संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, याचा करार लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सारखा हवा. युनिकोड हा असा जगभराचा करार आहे. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्थान आहे. त्या करारातील अंक फाइलीत लिहिण्याची सर्वांत रूढ रीत यूटीएफ-८ ही आहे. निर्यात करताना आणि आयात करताना जेथे जेथे अक्षरसंकेताविषयी विचारले जाईल, तेथे तेथे यूटीएफ-८ निवडावे. अक्षरांच्या जागी विचित्र लॅटिन चिन्हे दिसली, तर घाबरू नये. मूळ अंक शाबूत असतात आणि संकेत बदलून पुन्हा आयात करता येते. प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र तेथील अक्षरे खरोखरच पुसली गेलेली असू शकतात. मग जुन्या प्रोग्रॅमकडे परतून नव्याने निर्यात करावी लागते.

नावांच्या खणांचाही घोळ होतो. हे खण प्रथम नाव, मधले नाव आणि आडनाव अशा क्रमाने आखलेले असतात. आपण मात्र ‘कुलकर्णी काका’, ‘दूधवाले’, ‘बँकेतल्या मॅडम’ अशी नावे घालतो. ती आडनावाच्या खणात जातात की पहिल्या, यावर पुढे त्यांचा क्रम ठरतो. हे प्रत्येकाने आपल्या सवडीने दुरुस्त करावे.

दिनदर्शिकेचे कोडे

दिनदर्शिकेसाठी आयकॅलेंडर नावाचा सर्वमान्य साचा १९९८ पासून आहे. त्याच्या फाइलीला आयसीएस म्हणतात. ही फाईल जुन्या प्रोग्रॅममधून काढून नव्यात घालणे सोपे असते. कठीण असते ती वेळ.

भारताची प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा, तुम्ही सकाळी दहाची बैठक नोंदवली. जुना प्रोग्रॅम ती जागतिक वेळेनुसार पहाटे साडेचार अशी लिहून ठेवतो आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतो. नव्या प्रोग्रॅमला तुमचे कालक्षेत्र सांगितलेले नसेल, तर तो तुम्हाला पहाटे साडेचारलाच उठवील. वाढदिवसाच्या बाबतीत तर दिवसच बदलतो. दिवसभराची नोंद मध्यरात्री सुरू होते. आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवसाची संध्याकाळचे साडेसहा. त्यामुळे मुलीचा वाढदिवस एक दिवस आधी येऊन बसतो. नव्या प्रोग्रॅमचे कालक्षेत्र आयातीपूर्वीच नीट लावावे, हा त्यावरचा उपाय.

दुसरे असे, की आयात थेट आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेत करू नये. एक नवी, कोरी दिनदर्शिका तयार करून तीत करावी. चार-पाच ओळखीच्या नोंदी तपासाव्यात. चूक निघाली, तर ती संपूर्ण दिनदर्शिका पुसून पुन्हा आरंभ करता येतो. नेहमीच्या दिनदर्शिकेत मिसळलेल्या पाचशे नोंदी एकेक करून उपटणे हे शेतातील तण काढण्याहून किचकट काम आहे.

तिथीने येणारे दिवस मात्र कोणताही साचा आपोआप सांभाळत नाही. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. ‘दरवर्षी’ अशी खूण करून ठेवलेला पाडवा किंवा घरातले श्राद्ध नव्या प्रोग्रॅममध्ये जशाच्या तशा चुकीच्या तारखेला पोहोचते. त्यासाठी पंचांगच उघडावे लागते.

शेवटची फेरी

सर्व काही आल्यासारखे दिसले, की मग रिकाम्या घरातून फेरी मारावी. प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या जुन्या आणि नव्या ठिकाणी ताडून पाहावी. सर्वांत जुने पत्र, सर्वांत नवे पत्र, फाईल जोडलेले एखादे पत्र आणि मराठीतील एखादे पत्र उघडून पाहावे. पत्रांच्या तारखा मूळच्या आहेत ना, की सगळी पत्रे आजच आल्यासारखी दिसतात, हे पाहावे. पाठवलेली पत्रे आणि अर्धवट लिहून ठेवलेले मसुदे आले का? पत्त्यांचे गट आले का? ते बहुधा येत नाहीत. स्वाक्षरी आणि पत्रे आपोआप वेगळी करण्याचे नियमही पुष्कळदा मागे राहतात. निदान दोन-तीन महिने जुना संगणक तसाच ठेवता आला, तर ठेवावा.

मराठीतील पत्र उघडून पाहा, असे मी म्हटले त्याला कारण आहे. माझे वडील, तात्या, साताऱ्याला राहत आणि मी वडोदऱ्याला. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले आणि २००३ ते २००७ या काळात त्यांनी मला ई-मेलने पत्रे लिहिली. युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन तेव्हा घरोघरी पोहोचले नव्हते. त्यांच्या संगणकावर एक मराठी फाँट होता आणि त्याची प्रत त्यांनी मला सीडीवर पाठवली होती. अशा फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने लिहिलेली असतात रोमन अक्षरेच. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो, इतकेच. तात्या २००८ साली गेले. २०११ साली मी नवा संगणक घेतला, पत्रे नव्या प्रोग्रॅममध्ये आणली. संख्या बरोबर जुळली. त्यांचा फोल्डर उघडला, तर त्यात रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसत होती. मदतीला बसलेला माझा भाचा म्हणाला, “मावशी, ही सगळी पत्रं खराब झालीत. पुसून टाकू का?”

मी नको म्हटले, ते काही समजून नव्हे, हात धजावला नाही म्हणून. पुढे एका जाणकाराने पत्राचा ‘मूळ स्रोत’ उघडून दाखवला. त्यात फाँटचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. कपाट धुंडाळून ती सीडी काढली, फाँट नव्या संगणकात बसवला आणि पत्र पुन्हा उघडले. पहिलीच ओळ दिसली ती अशी, की घराचे पन्हाळे गळते आहे आणि गवंड्याने दोनदा चकवले.

पुढच्या सुटीत मी ती एकशे बारा पत्रे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरे आणि रफार पुष्कळ ठिकाणी घसरले होते, ते हाताने दुरुस्त केले. तात्यांच्या स्वतःच्या शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्या. मूळ पत्रे, फाँटची फाईल आणि रूपांतरित मजकूर हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे आहे, दुसरी भाच्याकडे.